ट्रकचा ब्लॉक, होडीचं इंजिन: बंदीच्या ६१ दिवसांत इंजिन बदलताना

नव्याने बांधून दिलेलं इंजिन नवव्या दिवशी तापून बंद पडलं, असा प्रसंग माझ्यावर एकदा आलेला आहे. ब्लॉक (इंजिनाचं ओतीव धड) चांगला होता, क्रँक (आतला फिरणारा मुख्य दांडा) चांगली होती, जुळवणी माझ्या हातची होती. हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे खाऱ्या पाण्याने इंजिनाचं गोडं पाणी थंड करणाऱ्या नळ्यांच्या पेटीचं, झाकण खोललं तेव्हा आतल्या नळ्यांच्या तोंडाशी काळ्या रबराचे तीन तुकडे अडकलेले निघाले. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी पाकळ्यांचं चाक, आदल्या हंगामात तुटला होता. नाखव्याने (होडीच्या मालकाने) नवा टाकला, पंप पुन्हा पाणी फेकायला लागला आणि विषय संपला. तुटलेल्या पाकळ्या गेल्या कुठे, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पहिलं इंजिन ज्या तुकड्यांनी खाल्लं, तेच तुकडे दुसऱ्याच्या वाटेत बसून होते.

म्हणून या लेखात ब्लॉक जरा उशिरा येईल. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होडीत बसलेलं चार किंवा सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन कामातून गेलं आणि त्याच्या जागी ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक बांधून बसवायचा ठरवला, तर काम कसं करावं हे मी इथे क्रमाने सांगतो आहे. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. अशोक लेलँडची जी इंजिनं वर्षानुवर्षं होड्यांत चालत आली, ती मुळात ट्रक-बसच्या इंजिनांचीच सागरी रूपं आहेत. लोखंड तेच. पण त्या लोखंडाभोवतीचं जवळजवळ सगळं वेगळं असतं, आणि काम बिघडतं ते तिथेच.

वेळेचं गणित आधी करा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे ६१ दिवस. यातला सगळ्यात जास्त वेळ मशीन शॉपमध्ये जातो, कारण त्या दोन महिन्यांत अख्ख्या किनाऱ्याच्या क्रँका तिथेच येऊन पडलेल्या असतात. होडी वर ओढली की शाकारण्याआधी इंजिन बाहेर काढा. जुलैत भर पावसात झावळ्यांखालून अर्ध्या टनाच्या आसपासचं वजन काढायचं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ.

जुनं इंजिन का गेलं, ते आधी शोधा

ब्लॉकला बाहेरून खिडकी पडली असेल, म्हणजे कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आला असेल, तर सगळे म्हणतात, "रॉड तुटला." रॉड उगाच तुटत नाही. बिगेंडचं, म्हणजे रॉड क्रँकला जोडला जातो तिथलं, बेअरिंग फिरलं का? तेल कमी पडलं का? सिलिंडरमध्ये पाणी भरलं होतं का? पाणी दाबलं जात नाही. एक्झॉस्टमधून उलटं आलेलं पाणी पिस्टनवर साचलं आणि कुणी स्टार्टर मारला, तर रॉड वाकतो. वाकलेला रॉड कधीकधी महिनाभर चालतोही, मग तुटतो. तुटलेला रॉड हातात घेऊन बघा. बेअरिंगच्या बाजूचं लोखंड निळं-काळं पडलं असेल तर तेलाचा दोष. दांडा आधीच वाकलेला असेल तर पाण्याचा संशय घ्या.

सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर तेलात पाणी आहे. ते हेड गॅस्केटमधून आलं, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या बाहीच्या) खालच्या ओ-रिंगमधून आलं की ऑइल कूलरमधून? ऑइल कूलर दाब देऊन तपासला नाही आणि तोच नव्या ब्लॉकवर चढवला, तर नवं तेलही आठवड्यात तसंच होणार. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर इंजिन तापलेलं आहे. एकाच पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं असेल तर त्याच सिलिंडरचं नोझल काढून टेस्टिंगला द्या, ते गळत असणार. क्रँक पेलणाऱ्या मेन बेअरिंगांत मागचंच जास्त झिजलं असेल तर शाफ्टची सरळ रेषा बिघडलेली असू शकते.

कारण सापडलं की ते वहीत लिहा आणि त्या कारणाशी नातं असलेला प्रत्येक भाग वेगळ्या पेटीत टाका. त्या पेटीतलं काहीही न तपासता नव्या इंजिनावर जाणार नाही, एवढी शिस्त पाळलीत तरी काम बरंचसं जिंकलंत.

कोणता ब्लॉक घ्यावा

सरळ उत्तर: होडीत होतं त्याच मालिकेतला. वेगळ्या कंपनीचं इंजिन स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं की बेल हाउसिंग, फ्लायव्हील, इंजिनाचे पाय, मॅनिफोल्ड, कूलरचे पाइप, यातलं काहीच जुळत नाही. वाचलेले पैसे लेथवाल्याकडे जातात, शिवाय काम कायमचं जुगाडाचं राहतं.

मालिका ओळखायला नावंच मदत करतात. लेलँडच्या जुन्या ३७० आणि ४०० या संख्या घनइंचांतल्या आहेत. ३७० म्हणजे सुमारे ६ लिटर, ४०० म्हणजे सुमारे साडेसहा. टाटाच्या ४९७ मध्ये पहिला ४ सिलिंडरांचा आणि ९७ मिलिमीटर बोरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा). ६९७ मध्ये तसेच सहा सिलिंडर. पण नावावर थांबू नका. एकाच नावाखाली वर्षांनुसार ब्लॉकच्या ओतकामात बदल झालेले असतात. जुन्या ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक खरवडून, खडूने घासून वाचा, फोटो काढा आणि भंगारवाल्याकडे तोच क्रमांक शोधा.

दुसरी अट अशी की इंजिन यांत्रिक डिझेल पंपाचं असावं. वाहनांच्या धुराच्या नियमांपैकी देशभर बीएस-४ आलं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. या काळातली इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर चालणारी कॉमन रेल इंजिनं भंगारात चांगल्या अवस्थेत मिळतात आणि मोह होतो. पण त्यांचे सेन्सर, वायरिंग आणि संगणक खाऱ्या हवेत, ओल्या इंजिनरूममध्ये टिकवणं कठीण. रात्री बंदरापासून लांब, समुद्रात बिघाड झाला तर तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्याच्या) हातात पाना असतो, लॅपटॉप नसतो. इनलाइन पंपाचं जुनं इंजिन अशा वेळी माणसाला घरी आणतं.

"हाफ इंजिन" घ्यावं की नुसता ब्लॉक? हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन जुळवून तयार. विकणारा सांगतो, "नवंकोरं बांधलंय, बिनधास्त बसव दादा." माझं म्हणणं, सम्प उघडून एक मेन कॅप आणि एक बिगेंड कॅप तुमच्यासमोर सोडू देत असेल तरच घ्या. मी शक्यतो नुसता ब्लॉक आणि क्रँक घेतो आणि बाकी स्वतः बांधतो. बिल घ्याच. इंजिन नंबर खोडलेला ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका. तो चोरीच्या गाडीचा असू शकतो, आणि पुढे होडीच्या कागदांत तो नंबर लागणार आहे.

ट्रक आणि होडी: इंजिनाला काय वेगळं सोसावं लागतं

ट्रकला चढ लागतो, मग उतार लागतो, सिग्नल लागतो. होडी मात्र कायम घाट चढत असते. जाळं ओढताना तर आठ-आठ तास एकाच लोडवर. म्हणून ट्रकमध्ये इंजिन जितकी ताकद देतं तितकी होडीत मागायची नसते. सागरी रूपात डिझेलचा पुरवठा आणि सर्वोच्च आरपीएम कमी ठेवलेले असतात, ते याच कारणाने. "पंपाला थोडं डिझेल वाढव, पळू दे" अशी मागणी प्रत्येक हंगामात होते. वाढवलेल्या डिझेलाने पहिल्या महिन्यात होडी पळते आणि तिसऱ्या महिन्यात पिस्टन जळतो.

त्यातही गव्हर्नरचा, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून फेऱ्या आवरणाऱ्या भागाचा, मुद्दा फार जणांना माहीत नसतो. ट्रकच्या पंपाचा गव्हर्नर बऱ्याचदा फक्त आयडलिंग आणि सर्वोच्च फेऱ्या सांभाळतो. मधल्या फेऱ्या ड्रायव्हरचा पाय सांभाळतो. होडीत पाय नाही, तिथे लिव्हर एका जागी लावून ठेवलेली असते. लाटेवर मागची बाजू उचलली गेली, पंखा (प्रोपेलर) हवेत आला की लोड एकदम जातो आणि फेऱ्या वर उडतात. पंखा परत पाण्यात घुसला की इंजिन दबतं. म्हणून सर्व फेऱ्यांवर ताबा ठेवणारा गव्हर्नर हवा. होडीच्या जुन्या इंजिनाचा पंप वाचला असेल तर तोच कॅलिब्रेट करून वापरा, आणि पंपवाल्याला स्पष्ट सांगा, "सेटिंग सागरी इंजिनाचं हवं, ट्रकचं नको." तेवढं एक वाक्य न सांगितल्यामुळे बिघडलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

तिसरा फरक कलाचा. शाफ्ट मागे उतरता असतो, त्यामुळे इंजिनही फ्लायव्हीलच्या बाजूला काही अंश खाली झुकलेलं असतं. ट्रकचा सम्प सपाट बसवण्यासाठी केलेला. तेल शोषणारी जाळी सम्पच्या पुढच्या टोकाला असेल तर तेल मागे साचतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून होडीच्या जुन्या इंजिनाचा सम्प, शोषणनळी आणि डिपस्टिक हा संच जसाच्या तसा नव्या ब्लॉकवर आणा. डिपस्टिकची खूण मात्र नव्याने करावी लागते: होडी पाण्यात स्थिर असताना नेमकं ठरलेलं लिटर तेल मोजून ओता, थोडा वेळ थांबा, काडी बघा आणि तिथे बारीक कानसीने खूण मारा.

चौथा फरक मिठाचा आणि कोंडलेल्या उष्णतेचा. त्याकडे पुढे येतो.

जुनं इंजिन उतरवताना

बॅटरी सोडा, डिझेलचे कॉक बंद करा, तेल आणि बिल्जमधलं (होडीच्या तळाशी साचलेलं) तेलकट पाणी डब्यात काढून घ्या. खाडीत सोडू नका. त्याच पाण्यात आपली जाळी पडतात.

एकही नट सोडण्याआधी मापं घ्या. शाफ्टच्या फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) मध्यापासून बेडपर्यंतची (इंजिन ज्यावर बसतं त्या तुळयांपर्यंतची) उंची, दोन्ही बाजूंच्या पायांखालच्या पत्र्यांची जाडी, क्रँक पुलीपासून भिंतीपर्यंतचं अंतर, एक्झॉस्टच्या बेंडची उंची. प्रत्येक पाइपला चिठ्ठी बांधा. पाऊस आहे, म्हणून चिठ्ठी कागदाची नको; पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेली टिकते. मोबाइलवर फोटो काढलेत तरी वहीत मापं हवीतच.

इंजिन बाहेर आलं की बेडकडे बघा. लाकडी होडीत बोल्टच्या भोवती काळा डाग असेल तर पेचकस खुपसून पाहा. सहज आत गेला तर लाकूड कुजलेलं आहे. सुताराला आत्ताच बोलवा. इंजिन बसल्यावर तो काही करू शकत नाही. फायबरच्या होडीत बेडवर हातोडीने टकटक करा, पोकळ आवाज आला तर आतल्या लाकडात पाणी शिरलंय.

आणि महत्त्वाचं: जुन्या इंजिनाचा एकही तुकडा नवं इंजिन समुद्रावर चालेपर्यंत भंगारात द्यायचा नाही. ब्रॅकेट, स्पेसर, वाकडा दिसणारा पाइप, सगळं. त्यातलंच एखादं ब्रॅकेट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मशीन शॉपमध्ये काय सांगायचं, काय बघायचं

आधी ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून धुऊन घ्या. बाजूचे वाटीसारखे कोअर प्लग आणि तेलमार्गांचे सगळे प्लग काढायला सांगा. तेलमार्गाचे प्लग न काढता धुतलेला ब्लॉक धुतलेला नसतो; आत जुन्या बेअरिंगची धूळ तशीच राहते. मग तडा तपासणी आणि पाण्याच्या जॅकेटची दाब चाचणी. यात पास झाला तरच पुढचे पैसे खर्च करायचे.

बोर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा असा मोजतात, म्हणजे गोलपणा आणि उतार दोन्ही कळतात. ड्राय लायनर (पाण्याला न लागणारं) असेल तर नवं लायनर घट्ट दाबून बसवतात आणि मग बोर करतात. वेट लायनर (बाहेरून पाणी लागणारं) असेल तर खालच्या ओ-रिंगची खाच स्वच्छ, गंजाचे खड्डे नसलेली हवी, आणि लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किती वर उठतं ते प्रत्येकाचं मोजून पुस्तिकेशी ताडा. एका लायनरची उंची कमी पडली तर हेड गॅस्केट नेमकं तिथेच फुटतं.

क्रँक ग्राइंडिंगमध्ये ०.२५ मिलिमीटरच्या, म्हणजे दहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टप्प्यांनी अंडरसाइझ जातात. आधी बेअरिंग विकत घ्या, मग क्रँक त्या मापाला घासून घ्या. उलटं केलंत तर माप बाजारात मिळेल याची खात्री नाही. आणि क्रँक परत आली की जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यावर बोट फिरवा. तिथे गोलाई असायला हवी. धारदार कोपरा सोडला असेल तर सततच्या लोडखाली क्रँक तिथूनच तुटते. तेलाच्या भोकांच्या कडाही मारलेल्या हव्यात. या दोन गोष्टी नसतील तर क्रँक परत करा. ओळखीचा माणूस असला तरी.

होनिंगनंतर (घासणीच्या दगडाने शेवटचा हात मारल्यावर) सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या जाळीच्या रेषा दिसतात. त्या रेषांत दगडाची बारीक पूड बसलेली असते. ती रॉकेलने निघत नाही, रॉकेल तिला आत ढकलतं. गरम पाणी, धुण्याची पावडर आणि ब्रश घ्या आणि भांडं घासल्यासारखं घासा. मग जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा तेलात बुडवून भिंतीवर फिरवा. फडका राखाडी निघाला की पुन्हा धुवायचं. माझ्या हातून चौथ्या-पाचव्या वेळेला फडका पांढरा निघतो. हेल्पर कंटाळतात. पण इथे वाचवलेला अर्धा तास रिंगांच्या आयुष्यातून वजा होतो. पांढरा निघाला की लगेच तेल लावा, कारण कोकणातल्या जून महिन्याच्या हवेत उघडं लोखंड तासाभरात लाल होतं.

कोअर प्लग नवे टाकताना पितळेचे टाका. ट्रकमधले पोलादी प्लग खाऱ्या हवेत बाहेरूनही गंजतात, आणि नेमके मॅनिफोल्डमागचे, जिथे हात पोचत नाही तिथले, आधी फुटतात.

जुळवणी

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण मिस्त्रीला हे येतंच. प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजने (दाबली की पसरणाऱ्या मापाच्या तारेने) मोजा. जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ हा अंदाज ठीक, पण अंतिम शब्द पुस्तिकेचा. क्रँकचा पुढे-मागे खेळ डायल गेजने बघा. होडीत पंख्याचा धक्का गिअर बॉक्सचं थ्रस्ट बेअरिंग घेतं, इंजिनाचं नव्हे. तरी हा खेळ बरोबर हवाच. रिंगचा गॅप प्रत्येक सिलिंडरमध्ये रिंग घालून मोजा आणि तंग वाटली तर कानसीने घासा. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याच्या हाताचा मान ठेवून त्यालाही रेंचच द्यावा.

फ्लायव्हील आणि बेल हाउसिंग होडीच्या जुन्या इंजिनाचंच चढवा. बसवल्यावर दोन्हींचं रनआउट (फिरताना डगमगणं) डायल गेजने तपासा. गिअर बॉक्सच्या डँपर प्लेटच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर आत्ताच बदला. नंतर त्यासाठी गिअर पुन्हा उतरवावा लागतो.

पाणी, धूर आणि डिझेल

ट्रकचा रेडिएटर आणि त्याचा हवेचा पंखा निघून जातात, पण इंजिनावरचा पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट राहतात. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे खोड आहे. काढला की इंजिन कायम थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, तेलात उतरतं, लायनर लवकर झिजतात. ठेवा तो.

ब्लॉकमध्ये गोडं पाणी आणि कूलंटच फिरलं पाहिजे. खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवण्याची जुनी पद्धत ट्रकच्या ब्लॉकला लवकर खाते. गोड्या पाण्याची उष्णता काढायला एकतर हीट एक्स्चेंजर किंवा होडीच्या बुडाला बाहेरून बसवलेला कील कूलर. एक्स्चेंजर असेल तर दोन्ही झाकणं काढा, प्रत्येक नळीतून सळई आरपार घाला, मोजून. मग दाब चाचणी. झिंक (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) नवा. इम्पेलर नवा, आणि जुना काढल्यावर त्याच्या पाकळ्या मोजा. एक जरी कमी असेल तर ती सापडेपर्यंत पाइपलाइन खोलत जा. माझे ते तीन तुकडे मी अजून हत्यारांच्या पेटीत ठेवलेले आहेत. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी तेच त्याच्या हातावर ठेवतो.

पाणी भरताना हवा अडकू देऊ नका. इंजिन मागे झुकलेलं असल्याने सगळ्यात उंच जागा पुढे येते. तिथला प्लग सोडून पाणी बाहेर येईपर्यंत भरा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ट्रकचा असेल तर तो उघडा तापतो. ट्रकला वारा लागतो, होडीच्या इंजिनरूमला नाही. पाण्याचं जॅकेट असलेला सागरी मॅनिफोल्ड वापरा. कोरड्या एक्झॉस्टला काचतंतूची किंवा सिरॅमिक दोरी घट्ट गुंडाळा, अॅस्बेस्टॉसची नको. पाणी सोडलेलं ओलं एक्झॉस्ट असेल तर पाणी मिसळण्याची जागा मॅनिफोल्डपेक्षा खाली आणि तिथून पुढचा पाइप उतरता हवा, आणि बाहेर पडण्याआधी पाण्याच्या पातळीच्या वर एक उंच वळण हवं, म्हणजे लाट मागून आत शिरणार नाही. मघाशी वाकलेल्या रॉडबद्दल बोललो, त्याचं मूळ इथे असतं.

डिझेलची टाकी आतून धुवा, तळाचा गाळ आणि पाणी काढा, फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारी वाटी बसवा. नोझल आणि पंपाला पाण्याचा एक घोटही पुरतो.

बसवणं आणि सरळ रेषा

चेनपुलीचा आधार लाकडी तिकाटण्यावर नको, लोखंडी गर्डर घ्या, आणि लटकत्या इंजिनाखाली कुणी हात घालणार नाही हे आधी मोठ्याने सांगा.

शाफ्ट जागेवर, त्याचं लोंबतं वजन आधाराने उचललेलं. गिअरचं फ्लँज आणि शाफ्टचं फ्लँज जवळ आणा. आधी दोन्हींच्या कडा वर-खाली आणि बाजूला एका पातळीत आणा. मग दोन तोंडांमधली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) चार जागी मोजा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नियम असा की फ्लँजच्या दर इंच व्यासाला फटीतला फरक एक थाऊपेक्षा जास्त नको. पाच इंचांचं फ्लँज असेल तर जास्तीत जास्त पाच थाऊ. वर आठ आणि खाली तीन थाऊ आले तर बसवा, पण मी आणखी आवळून दोन-तीनवर आणतो. इंजिनाचे पुढचे पाय पाव मिलिमीटरच्या पत्रीने उचलले तरी फट किती बदलते हे बघून अंदाज येत जातो. आता शाफ्टचं फ्लँज अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. फरक त्याच जागी राहिला तर इंजिन हलवायचं आहे. फरक फ्लँजबरोबर फिरला तर फ्लँज किंवा शाफ्ट वाकडा आहे, आणि इंजिन कितीही हलवलं तरी जुळणार नाही.

हे सगळं जमिनीवर केलेलं काम अर्धंच. होडी पाण्यात गेली की तिचा आकार बदलतो, लाकडी होडी तर पाणी पिऊन फुगते. पाण्यात उतरवून एक-दोन दिवस थांबा, टाक्या भरलेल्या असू द्या, मग कपलिंगचे बोल्ट सोडून पुन्हा चार जागी मोजा. नाखवा म्हणेल, "अहो, परवा तर केलंत!" केलं होतं, जमिनीवर.

पहिली सुरुवात

आधी हाताने, मोठ्या पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडकली तर थांबा, जोर लावू नका. मग डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडाथोडा मारा, तेलाचा काटा हलेपर्यंत. तो हलला की डिझेलची हवा काढा आणि चालू करा. एक माणूस तेलाच्या काट्यावर, एक खारं पाणी बाहेर पडतंय का बघायला, एक बंद करायच्या लिव्हरवर.

गरम झालं, गळती नाही, आवाज साफ, तर आयडलिंगवर तासन् तास ठेवू नका. नव्या रिंगा लोडखाली बसतात. नुसत्या आयडलिंगवर सिलिंडरची भिंत चकचकीत होते आणि इंजिन कायमचं तेल प्यायला लागतं. समुद्रावर न्या, अर्ध्या-पाऊण लोडवर, फेऱ्या अधूनमधून बदलत चालवा. फुल थ्रॉटल पहिल्या दिवसांत फक्त काही मिनिटांपुरतं, पंख्याची परीक्षा घ्यायला.

ती परीक्षा अशी. भरलेल्या होडीने, फुल थ्रॉटलवर इंजिनाने त्याच्या सागरी सेटिंगचे सर्वोच्च आरपीएम गाठले पाहिजेत. दोनशे-तीनशेने कमी पडलं आणि काळा धूर आला तर पंखा जड आहे. त्याची पिच (पात्यांचा पेच) किंवा व्यास कमी करावा लागेल. पंपाचं डिझेल वाढवणं हा त्यावर उपाय नाही. आणि रोजच्या चालीसाठी एक हिशेब तांडेलाला समजावून सांगा: पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २००० आरपीएमचं इंजिन १६०० वर चालवलं तर ताकद जवळपास निम्मीच लागते. चाल थोडी कमी, डिझेलची बचत मोठी, आणि इंजिनाला श्वास.

कागद

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालचा परवाना आणि होडीची नोंदणी यांत इंजिनाचा तपशील असतो. ब्लॉक बदलला म्हणजे नंबर बदलला. ब्लॉकचं बिल, जुन्या इंजिनाचा नंबर आणि नव्या नंबराचा फोटो घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात बदल नोंदवा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. डिझेलच्या कराचा परतावा आणि अपघाताचा दावा, दोन्ही त्याच नंबरावर अडतात. हे १ ऑगस्टच्या आधी करा. हंगाम सुरू झाला की कुणाला किनाऱ्यावर थांबायला वेळ नसतो.

पहिले पन्नास तास

पंचवीस तासांच्या आसपास पहिलं तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि उन्हात धरा. बारीक राखाडी चमक असेल तर ती रिंगांची आणि साहजिक आहे. पितळी रंगाचे कण किंवा बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर सम्प उघडायचा, त्याच दिवशी. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट करा, हेडचे बोल्ट पुस्तिकेने सांगितलं असेल तर पुन्हा आवळा. इंजिनाच्या पायांचे बोल्ट तर नक्कीच, कारण नवं लाकूड दबतं. पाय आवळले की रेषा हलते, म्हणून कपलिंग पुन्हा सोडा आणि फिलर गेज चार जागी फिरवा. ग्लँड पॅकिंगमधून, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या दोरीच्या भरणीतून, शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्या. पूर्ण कोरडं आवळलं तर शाफ्टला खाच पडते. आणि हीट एक्स्चेंजरचं झाकण याच वेळी एकदा खोलून बघा.